चढाला पुढे, उताराला मागे

आपल्यापैकी बहुतेकांची घोड्याशी ओळख होते ती दोनच ठिकाणी : लग्नाच्या वरातीत आणि जुहूच्या वाळूवर. दोन्ही ठिकाणी जमीन सपाट असते, घोडा पावलापावलाने चालतो आणि बसणाऱ्याला वाटते की घोड्यावर बसणे म्हणजे उंच खुर्चीवर बसणे. तिसरी ओळख होते माथेरानला. घाटकोपर-मुलुंडकरांनी थेट कर्जत लोकल पकडायची, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलायची, नेरळला उतरायचे आणि दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीने यायचे. तिथून पुढे मोटार बंद. घोडेवाले सामोरे येतात, भाव ठरतो आणि ज्याने जन्मात रिकिबीत पाय घातला नाही तो पाच मिनिटांत स्वार होतो. फरक एवढाच, की इथली जमीन सपाट नाही.

आमच्या वर्गाची सहल या हिवाळ्यात माथेरानला गेली होती. एका पॉइंटवरून परतताना उतारावर आमची एक मैत्रीण खोगिरासकट एका अंगाला कलंडली आणि खाली आली. कोपर सोलवटले, चष्मा फुटला, याहून अधिक काही झाले नाही, हे नशीब. परतल्यावर मात्र विभागाच्या भित्तिपत्रकावर पंधरा दिवस युद्ध पेटले. एका पक्षाचे म्हणणे, घोडेवाले निष्काळजी असतात, त्यांना फक्त फेऱ्या मारायच्या असतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, मुक्या जनावराच्या पाठीवर बसून डोंगर चढणे हाच मुळात क्रूरपणा असून हा धंदा बंदच केला पाहिजे. दोन्ही पक्षांनी पुष्कळ लिहिले. परंतु उतारावर बसणाऱ्याने काय करायला हवे होते, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. जणू स्वार हे एक गाठोडे आहे. ते नीट पोहोचले की नाही एवढेच पाहायचे!

मी त्या दिवशी घोड्यावर बसले नव्हते. कारण साधे आहे, सहलीची वर्गणी भरल्यावर घोड्यासाठी पैसे उरले नव्हते. त्यामुळे जाताना आणि येताना मी एका वयस्कर घोडेवाल्या मामांच्या बरोबरीने पायी चालले, आणि मला वाटते, घोड्यावर बसलेल्यांपेक्षा घोडा मला अधिक दिसला. मामा एक हात लगामाजवळ ठेवून सारखे ओरडत होते, "चढाला पुढं वाका, उताराला मागं जा!" माथेरानला गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले असेल. आमच्या मंडळींनी ते ऐकले आणि अक्षरशः पाळले. चढ आला की घोड्याच्या मानेवर आडवे पडायचे आणि उतार आला की आरामखुर्चीत रेलावे तसे पाठीमागे रेलायचे. मामा हसून मला म्हणाले, "पोरी, सांगतो आम्ही एक नि करतात भलतंच. मागं जा म्हंजे झोपा नाय!"

मग किती मागे? इथे मला वडिलांच्या हत्यारांतील ओळंबा आठवला. माझे वडील गवंडीकाम करतात. डोंगरउतारावर भिंत बांधायची झाली तरी ती उताराला काटकोनात बांधत नाहीत. ओळंबा सोडतात आणि ती सरळ उभी धरतात. टेकडी कितीही कललेली असो, ओळंब्याची दोरी कलत नाही. स्वाराचे अंग त्या दोरीसारखे असावे. घोड्याची पाठ पुढून उंचावली की दोरी सरळ राहण्यासाठी घोड्याच्या हिशेबाने आपण पुढे झुकतो. पाठ पुढून खाली गेली की घोड्याच्या हिशेबाने आपण मागे जातो. प्रत्यक्षात आपण जमिनीशी सरळच असतो. चढावर आसन थोडे हलके करून दोरीच्या किंचित पुढे गेले तरी चालते, उलट घोड्याला बरेच वाटते. उतारावर मात्र दोरीच्या मागे गेलेला प्रत्येक इंच घोड्याच्या कमरेवर पडतो.

त्याचे कारण घोड्याच्या बांध्यात आहे. सपाटीवर उभ्या घोड्याचे निम्म्याहून अधिक वजन, ढोबळमानाने शंभरातले साठ भाग, पुढच्या पायांवर असते. उतरताना हा भार आणखी पुढे सरकतो आणि तो सावरण्यासाठी घोडा मागचे पाय पोटाखाली आणतो, थोडा बसल्यासारखा होतो. हे पाय आत येण्यासाठी त्याची कंबर मोकळी हवी. नेमके त्याच वेळी आपण मागे रेलून कमरेवर ओझे टाकले आणि तोल राखण्यासाठी लगामाला लोंबकळलो, तर त्याचे तोंड वर ओढले जाते, पाठ ताठरते आणि मागचे पाय आत येत नाहीत. चढावर याच्या उलट. तिथे घोडा मागच्या पायांनी जमीन रेटतो आणि मान पुढे-खाली करून तोल साधतो. बसणाऱ्याने खोगिरात जडपणे बसू नये, रिकिबींवर थोडा भार द्यावा, टाचा खाली ठेवाव्यात, आणि आधार हवाच असेल तर आयाळ धरावी. आयाळ ओढल्याने घोड्याला फारसे दुखत नाही. लगाम ओढल्याने त्याचे तोंड दुखते आणि तीव्र चढावर तो मागच्या मागे तोल जाऊन पडूही शकतो.

मान मोकळी ठेवण्याचे दुसरेही कारण मला मामांकडूनच कळले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला आपल्यापेक्षा पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. खडकाळ वाटेवर पाऊल कुठे टाकायचे हे पाहण्यासाठी त्याला डोके खाली घालावे लागते. "खाली बघायला त्याला मान लागते. तुम्ही लगाम वढता, त्याला वाट दिसत नाय, नि मग म्हणता घोडा अडखळला!" हे मामांचे बोल मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले.

मामांना ठाऊक असलेली ही गोष्ट युरोपातील घोडदळांना मात्र कितीतरी उशिरा मान्य झाली, हे वाचून मला मौज वाटली. फेदेरिको कॅप्रिली (१८६८–१९०७) नावाचा इटलीच्या घोडदळातील एक अधिकारी होता. त्याच्या काळापर्यंत लांब रिकिबी, ताठ पाय आणि उडी घेताना वा उतरणीवर मागे रेललेले अंग ही शिस्त समजली जाई. कॅप्रिलीने घोड्याला एकटा सोडून तो कसा चालतो, कसा उडी मारतो याचे निरीक्षण केले, आणि असा निष्कर्ष काढला की घोड्याला तोल शिकवायला जाऊ नये. त्याच्या तोलात आपण अडथळा होऊ नये एवढेच पाहावे. त्याने रिकिबी आखूड केल्या, अंग पुढे आणले, घोड्याची मान मोकळी सोडली. पुढे रोमजवळच्या तोर दि क्विंतो येथील शाळेत याच पद्धतीने उभ्या उतरणी उतरण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले आणि जगभर ती पद्धत पसरली. १९०७ साली कॅप्रिली गेला तो घोड्यावरून पडूनच, आणि त्याच वर्षी नेरळहून माथेरानला छोटी आगगाडी सुरू झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला असे योगायोग टिपण्याची खोड असते! अर्थात कॅप्रिलीचे स्वार सराईत होते. आपल्यासारख्या दिवसभराच्या स्वारांनी ओळंब्याच्या पलीकडे जाऊ नये हे उत्तम.

आता आमच्या मैत्रिणीच्या पडण्याविषयी. ती नुसती मागे रेलल्यामुळे पडली नाही. तिचा तंग ढिला होता. तंग आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून घेतात आणि थोडे चालल्यावर पोट आत जाऊन पट्टा सैल पडतो. म्हणून पाच-दहा मिनिटे चालल्यावर, आणि प्रत्येक मोठ्या चढ-उताराआधी, तंग पुन्हा पाहायचा असतो. चढावर खोगीर मागे सरकू पाहते, त्याला छातीवरचा पट्टा अडवतो. उतारावर ते मानेकडे सरकू पाहते, त्याला शेपटीखालची दुमची अडवते. परंतु ते एका कुशीला फिरू लागले तर त्याला अडवणारे फक्त दोनच : घट्ट तंग आणि मध्यावर बसलेला स्वार. ती त्या क्षणी दरीच्या बाजूला वाकून छायाचित्र काढत होती. तंग पाहणे हे घोडेवाल्याचे काम होते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच्याकडे तीन घोडे होते आणि तो पुढच्या घोड्याजवळ होता. "तंग बघा हो मामा" हे चार शब्द उच्चारायला मात्र घोडेस्वारीचे शिक्षण लागत नाही.

पायाचेही असेच. रिकिबीत पाय टाचेपर्यंत घुसवून बसले की भक्कम वाटते, पण पडलो तर पाय अडकतो आणि घोडा बिथरला तर माणूस फरफटतो. पायाचा फक्त चवडा रिकिबीवर असावा. सपाता किंवा पट्ट्यांच्या चपला घालून घोड्यावर बसूच नये. आमच्या सहलीत निम्म्या मुली तशाच बसल्या होत्या. डोक्यावर शिरस्त्राण असावे याबद्दल तर दुमत असण्याचे कारण नाही, कारण दगडावर डोके आपटले म्हणजे वेग किती होता हे कोणी विचारत नाही. अशा अपघातांच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतोच. आणि रांगेत एक घोडाभर अंतर ठेवावे. मागचा घोडा पुढच्याला भिडला की पुढचा लाथ झाडतो. पुढचा चढ संपताच दौडला की मागचे सारे त्याच्यामागे दौडू लागतात. जो वर पोहोचला त्याने मागच्यांना जागा ठेवून थांबावे. उतारावर दौड कधीही नाही.

माझे खरे म्हणणे मात्र याच्याही पुढचे आहे. सगळ्यात सुरक्षित बैठक म्हणजे उतारावर न बसणे. ज्या उतरणीवर दगड सुटे आहेत, पाणी वाहून घळी पडल्या आहेत, तिथे खाली उतरावे आणि घोड्याच्या बाजूने चालावे. यात कमीपणा काही नाही. जगातल्या घोडदळांत ही जुनी शिस्त आहे : अवघड उतरणीवर स्वार पायउतार होतो आणि घोडा हाताने नेतो, कारण पुढच्या मुक्कामी त्याला तोच घोडा धडधाकट हवा असतो. आपल्याकडे भीमथडीच्या तट्टांचा केवढा अभिमान बाळगला जातो! या जातीला आता स्वतंत्र वाण म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. ही तट्टे ठेंगणी, काटक आणि दगडधोंड्यांतून वाट काढणारी. सह्याद्रीत उंच, जड घोड्याचा निभाव कसा लागणार? माथेरानहून फार दूर नसलेल्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोठी फौज कोकणात उतरताना कोंडली गेली. त्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत, पण निरुंद उतरणीवर घोडा हे शस्त्र न राहता ओझे होते हेही त्यातले एक असावे असे मला वाटते. शिवकालीन सैन्यात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. आपण पर्यटक तासाभराचे बारगीर. घोड्याचे नावही आपण विचारत नाही!

आता वजनाचा प्रश्न. सर्वसाधारण समजूत अशी आहे की घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार वाहू नये. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला हा हिशेब लावला तर खोगिरासह पन्नास-साठ किलो होतात. आपल्या देशात ओझे ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझे सांगितले आहे; दिवसात एकूण ९ तासांहून जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून जास्त नको, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ मध्ये काम नको, असेही म्हटले आहे. म्हणजे तांदळाच्या पोत्याचे वजन करूनच ते तट्टावर चढवायचे, आणि नव्वद किलोच्या गृहस्थांना मात्र "बसा साहेब" म्हणायचे! घोडेवाला गिऱ्हाइकाला त्याचे वजन विचारू शकत नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. ते गिऱ्हाइकानेच ओळखायला हवे. हे मी आमच्या एका गुटगुटीत वर्गमित्राला सांगितले तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. असो.

वाटेच्या पृष्ठभागाचा वाद तर आता थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. माथेरानची वाट तांबड्या मातीची. मातीत टाप रुतते, नालाची कड पकड घेते. त्या वाटांवर मातीचे भाजलेले ठोकळे बसवण्यास सुरुवात झाली तेव्हा अश्वपालांनी तक्रार केली की यावर घोडे घसरतात. लोखंडी नाल आणि गुळगुळीत कठीण जमीन यांचे सख्य नसते; मोरीच्या फरशीवर ओल्या चपलेने चाललेल्या कोणालाही हे पटावे. दुसरी बाजूही खोटी नाही. पावसात माती वाहून जाते, वाटेला घळी पडतात, म्हाताऱ्यांचे आणि शाळकरी मुलांचे हाल होतात. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल देताना माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्यास सांगितले, आणि दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ठोकळ्यांची परवानगी देऊन आतले रस्ते व पायवाटा मात्र त्यातून वगळल्या. मला हा निकाल बऱ्याच अंशी शहाणपणाचा वाटतो. फक्त त्या मुख्य रस्त्याच्या कडेला घोड्यांसाठी मातीची एक पट्टी राखता आली तर निम्मे भांडण मिटेल. रस्ता आखणाऱ्याला दोन पायांचा आणि चार चाकांचा विचार सुचतो, चार पायांचा सुचत नाही.

इथे भित्तिपत्रकावरील दुसरा पक्ष म्हणेल, हातरिक्षा बंद झाल्या तशा घोड्याच्या फेऱ्याही बंद करा. मुंबईत व्हिक्टोरिया नाही का बंद झाल्या? उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बेकायदा ठरवल्या आणि ते योग्यच झाले असे मीही मानते. डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या गर्दीत, घोड्याला ना माती ना सावली. केदारनाथच्या वाटेवर २०२२ च्या हंगामात घोड्या-खेचरांचे जे हाल झाल्याच्या बातम्या आल्या त्या वाचूनही संताप येतो. परंतु दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाला ई-रिक्षा देता येते. तो त्या जोखडातून सुटतो आणि त्याची चूलही पेटती राहते. माथेरानात परवाना असलेले सुमारे साडेचारशे घोडे आहेत. उद्या फेऱ्या बंद झाल्या तर त्या घोड्यांना कोणते रान मोकळे आहे? ज्या घोड्यापासून मिळकत नाही त्याला गवत आणि चणे कोण घालणार? ज्या मामांच्या बरोबरीने मी चालले, ते दुपारी स्वतः भाकरी सोडण्याआधी घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधत होते. त्यांच्या मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडले आहे. तोही घोडे हाकतो. "कॉलेजात घालायचा होता," एवढेच ते म्हणाले. मीही आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी आहे, त्यामुळे त्यापुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. भित्तिपत्रकावर "धंदा बंद करा" असे लाल शाईत लिहिणे मात्र सोपे असते.

म्हणून माझे मत असे आहे की बंदी मागण्याआधी बसणाऱ्याला शिस्त लावावी. पुढच्या वर्षी सहलीची सूचना फलकावर लागेल तेव्हा तिच्यात वर्गणी आणि गाडीची वेळ यांच्याबरोबर आणखी चार ओळी असाव्यात, अशी मी सहल समितीला विनंती करते. बूट घालून यावे. भाव ठरवताना घोड्याचा पाय आणि पाठ पाहावी. लंगडा किंवा जखमी घोडा नाकारावा, आणि का नाकारला ते घोडेवाल्याला सांगावे. एका घोडेवाल्याकडे दोनपेक्षा जास्त घोडे असतील तर आपल्यापैकी ज्यांना बसायचे नाही त्यांनी एकेका घोड्याबरोबर चालावे. अवघड उतारावर सर्वांनी उतरावे, आणि उतरलो म्हणून पैसे कापू नयेत.

शेवटच्या मुद्द्यावर समितीतील एका मित्राने आताच हरकत घेतली आहे : पैसे पूर्ण द्यायचे तर पायी का चालायचे? मी हाच प्रश्न मामांना विचारला होता. त्यांचे म्हणणे, गिऱ्हाईक उतरले तर त्यांना आनंदच आहे, घोड्याचे पाय दोन वर्षे जास्त टिकतील. पण ते स्वतःहून उतरायला सांगू शकत नाहीत. सांगितले की गिऱ्हाईक म्हणते, "मग अर्धेच पैसे घ्या."

(द्वितीय वर्ष, कला)